सातारा: बॉक्सचं रेकॉर्डिंग मधेच तुटतं, टीव्हीवर तर होतच नाही. एकादशीच्या आत मदत हवी

माचीपेठ | सोमवार, रात्री ९:२०

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्हाला परत परत विचारावं लागणार नाही.

आमचे सासरे, आण्णा, माउलींच्या पालखीबरोबर वर्षानुवर्षं चालत गेलेत. यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे घरीच आहेत. आषाढी एकादशीला पहाटे विठ्ठलाची शासकीय महापूजा सह्याद्री वाहिनीवर थेट दाखवतात, ती त्यांना रेकॉर्ड करून हवी आहे. पहाटे उठून ते बघतीलच, पण दुपारी निवांत परत बघायची आहे, आणि पुढेही कधी मन झालं तर लावता आली पाहिजे.

घरातलं सामान असं: ४३ इंची स्मार्ट टीव्ही. एचडीएमआय १ ला डीटीएचचा एचडी बॉक्स. एचडीएमआय २ वर एआरसी लिहिलंय, त्याला साउंडबार. एचडीएमआय ३ ला स्ट्रीमिंग स्टिक, तिला वीज टीव्हीच्या यूएसबीतून. दुसऱ्या यूएसबीत १ टीबीची छोटी हार्ड डिस्क.

टीव्हीच्या मेनूत रेकॉर्डिंग दिसतं, पण बॉक्स चालू असताना तो पर्याय दाबताच येत नाही. म्हणून डिस्क बॉक्सला लावली. बॉक्सने फॉरमॅट मागितलं, दिलं. आता दिवसा रेकॉर्डिंग कधी पूर्ण होतं, कधी मधेच 'डिव्हाइस काढले आहे' असं येऊन थांबतं. रात्रीचं लावलं तर सकाळी काहीच नसतं. तीच डिस्क लॅपटॉपला लावली तर लॅपटॉपही फॉरमॅट करा म्हणतोय. डीटीएचच्या मदत क्रमांकावर 'बॉक्स बंद करून चालू करा' यापलीकडे काही सांगत नाहीत.

कुठून सुरुवात करू?

कोरेगावचा डिशवाला | सोमवार, रात्री ९:४५

ताई, सगळ्यात आधी एक करा. लॅपटॉप फॉरमॅट विचारतोय त्याला 'नाही' म्हणा. बॉक्स आपल्या पद्धतीनं डिस्क फॉरमॅट करतो, विंडोजला ती वाचता येत नाही म्हणून तो फॉरमॅट मागतो. हो म्हणालात तर आतलं सगळं जाईल. बाकीचं सवडीनं लिहितो, आता खांबावर चढून आलोय.

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०:३०

सांगलीहून लिहितोय. टीव्ही आणि बॉक्स दुरुस्तीत आयुष्य गेलं, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा.

ताई, रेकॉर्डिंगचा एक नियम पक्का धरा, निम्मे प्रश्न तिथंच सुटतात: जे यंत्र सिग्नल धरतं, तेच रेकॉर्ड करू शकतं. टीव्हीचं रेकॉर्डिंग फक्त टीव्हीच्या स्वतःच्या ट्यूनरवर आलेल्या चॅनेलचं होतं, म्हणजे मागच्या अँटेनाच्या गोल सॉकेटातून आलेलं. एचडीएमआयमधून येतं ते तयार चित्र. त्यावर एचडीसीपी नावाचं कुलूप असतं आणि ते रेकॉर्ड करायची सोय टीव्हीत ठेवलेलीच नसते. तेव्हा टीव्हीच्या मेनूतला तो पर्याय तुमच्या जोडणीत कधीच चालू होणार नाही. टीव्ही बिघडलेला नाही. त्याचा नाद सोडा.

'डिव्हाइस काढले आहे' हे विजेचं दुखणं आहे. बॉक्सचा यूएसबी २.० असेल तर त्यातून ५०० मिलीअँपिअर मिळतात, ३.० असेल तर ९००. अडीच इंची हार्ड डिस्क फिरायला सुरुवात करताना त्याहून जास्त ओढू शकते. कधी भागतं, कधी भागत नाही, म्हणून तुमचं रेकॉर्डिंग कधी होतं, कधी तुटतं. डिस्कला कान लावा. टक, टक, मग शांतता, मग पुन्हा टक असं ऐकू आलं तर खात्रीच. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मधे घाला. फक्त वायर वाढवणारा बिनअडॅप्टरचा हब घेऊ नका, त्यानं उलट बिघडेल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नंतर वाईट वाटू नये म्हणून. डीटीएच बॉक्सवरचं रेकॉर्डिंग त्याच बॉक्सला बांधलेलं असतं. उद्या बॉक्स जळला, बदलून दुसरा आला, की डिस्क शाबूत असूनही आतलं काही उघडणार नाही. काही बॉक्सात तर रिचार्ज संपल्यावर जुनं रेकॉर्डिंगही लागत नाही. आण्णांना कायमचं ठेवायचं असेल तर हा रस्ता त्यांचा नाही.

कराडचा पोरगा | सोमवार, रात्री १०:५०

ते बांधलेलं सोडवायचं सॉफ्टवेअर मिळतं ना? डिस्क लॅपटॉपला लावायची आणि फाइल काढायची.

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ११:०५

मित्रा, ते सांगणार नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ३९ प्रमाणे प्रसारण स्वतःच्या खासगी वापरासाठी रेकॉर्ड करायला मुभा आहे, त्यामुळे आण्णांच्या रेकॉर्डिंगमध्ये काही गैर नाही. पण २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ६५अ आलं, आणि हक्काचा भंग करण्याच्या हेतूनं असं कुलूप फोडणं गुन्हा ठरलं. शिवाय इथं त्याची गरजच नाही. सह्याद्री दूरदर्शनच्या मोफत फ्री डिशवर आहे, तिथं रेकॉर्डिंग सरळ होतं.

कोरेगावचा डिशवाला | मंगळवार, सकाळी ७:१०

काका बरोबर बोलले. ताई, रात्रीचं रेकॉर्डिंग का होत नाही ते सांगतो. आपल्याकडं घरोघरी एकच रीत: झोपताना बोर्डावरचं बटण बंद. बॉक्सला वीजच नाही तर तो पहाटे उठणार कसा? घरात कोण शेवटी झोपतं ते विचारा.

तुमच्याकडं आणखी एक भानगड आहे, साउंडबार. एआरसी, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधून साउंडबारला देणारी सोय, चालायला सीईसी लागतं, म्हणजे उपकरणं एकमेकांना हुकूम देतात ती सोय. सॅमसंगात त्याला एनीनेट प्लस म्हणतात, सोनीत ब्राव्हिया सिंक, एलजीत सिंपलिंक. सीईसी चालू असलं की टीव्ही बंद करताना टीव्ही सगळ्यांना झोपायला सांगतो. काही बॉक्स झोपेतही रेकॉर्ड करतात, काही चालू असलेलं रेकॉर्डिंग सोडून झोपतात. सीईसी पूर्ण बंद केलंत तर बहुतेक टीव्हींवर साउंडबारचा आवाज जाईल, म्हणून ते करू नका. त्याच मेनूत 'टीव्हीबरोबर उपकरणे बंद करा' अशा अर्थाचा वेगळा पर्याय असतो, तेवढाच बंद करा. तो नसेल तर साउंडबार ऑप्टिकल वायरवर घ्या, मग सीईसीची गरज उरत नाही.

बॉक्सच्या सेटिंगात आपोआप स्टँडबाय दिसतंय का तेही बघा. काही तास रिमोटला हात लागला नाही की बॉक्स स्वतःहून बंद होतो. ते 'कधीच नाही'वर ठेवा.

माचीपेठ | मंगळवार, रात्री ८:१५

बटण रोज रात्री खरंच बंद होतं, आण्णा स्वतः करतात. वीज वाया जाऊ नये म्हणून. त्यांना समजावून सांगितलं, आता बॉक्सच्या बटणावर चिकटपट्टी लावली आहे. सीईसीतला तो पर्याय सापडला, बंद केला. अडॅप्टरवाला हब राजवाड्याजवळ मिळाला, त्यानंतर दिवसाचं रेकॉर्डिंग एकदाही तुटलेलं नाही.

आता फ्री डिशचं सांगा. आमची डीटीएचची छत्री आहे, तिच्यावरच चालेल का? घर किल्ल्याच्या पायथ्याला आहे. अजिंक्यतारा आडवा येईल अशी आमच्या ह्यांना शंका आहे.

कोरेगावचा डिशवाला | मंगळवार, रात्री ९:००

त्याच छत्रीवर नाही चालणार. तिचं तोंड तुमच्या कंपनीच्या उपग्रहाकडं आहे. फ्री डिश जीसॅट-१५ वरून येतं, ९३.५ अंश पूर्वेला. वेगळी छत्री लागेल.

किल्ल्याची काळजी करू नका. साताऱ्यातून तो उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर आहे. किल्ला दक्षिणेला असला तरी पायथ्याच्या घरातूनही इतका वर येत नाही. आडवं येतं ते झाड. उन्हाळ्यात बसवलेली छत्री पावसाळ्यात झाडाला पालवी फुटली की मार खाते, हे दरवर्षी बघतो. आग्नेयेला वर बघा, फांदी दिसली तर छत्रीची जागा बदला.

फलटणकर | मंगळवार, रात्री ९:३०

इतका खटाटोप कशाला? सह्याद्रीचं यूट्यूब चॅनेल आहे, मोबाइलवर लावून द्या.

माचीपेठ | मंगळवार, रात्री ९:४०

तेही ठेवणार आहोत हाताशी. पण पावसात आमचं इंटरनेट निम्मा वेळ नसतं, आणि आण्णांना रिमोटचं एक बटण दाबून स्वतःच्या हातानं लावता आलं पाहिजे. प्रत्येक वेळी कुणाला हाक मारायला त्यांना आवडत नाही. सध्या ते तसेही दिवसभर दुसऱ्यांवर अवलंबून आहेत.

फलटणकर | मंगळवार, रात्री ९:५०

समजलं. मग फ्री डिशच करा. पालखी आमच्या गावातून जाते, घरात बसून राहिलेल्या म्हाताऱ्या वारकऱ्याच्या जिवाची घालमेल मी बघितली आहे.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. महापूजा पहाटे अडीचच्या सुमारास असते. म्हणजे टायमरमध्ये तारीख एकादशीची टाका, दशमीची नको. 'आज रात्री' म्हणून आदल्या दिवसाची तारीख टाकली जाते आणि बॉक्स ती वेळ होऊन गेली समजतो.

कृष्णाकाठ | बुधवार, सकाळी ८:४०

फलटणकरांचा मुद्दा फार महत्त्वाचा. मी त्यात भर घालतो.

फ्री डिशचा यूएसबी रेकॉर्डिंगवाला बॉक्स घ्या. दुकानातच पेनड्राइव्ह लावून पाच मिनिटं रेकॉर्ड करून बघा, खोक्यावर लिहिलंय एवढ्यावर विश्वास ठेवू नका. सह्याद्रीचं साधं एसडी चित्र सेकंदाला ३ मेगाबिट धरलं, तर तासाला सुमारे १.३५ जीबी होतात. ३२ जीबीचा चांगला पेनड्राइव्ह भरपूर झाला. हार्ड डिस्क लावूच नका, मग विजेचा प्रश्नच नको.

पेनड्राइव्ह बहुधा एफएटी ३२ या फॉरमॅटमध्ये असतो, आणि त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. वरच्या हिशेबानं तीन तासांच्या पुढे ती भिंत येते. बरेच बॉक्स तिथं फाइल तोडून नवी सुरू करतात, काही नुसतेच थांबतात. तुमच्या डोक्यात पहाटे २ ते ६ असं एकच लांब रेकॉर्डिंग असेल तर दोन टायमर लावा. एचडी चॅनेलवर ही भिंत फार लवकर येते: ८ मेगाबिटच्या चित्राला सव्वा तासाच्या आतच. 'माझी मॅच नेहमी तासाभरानं तुटते' अशी तक्रार कुणी घेऊन आलं की मी आधी हेच बघतो.

पेनड्राइव्ह स्वस्तातला नको. वर ६४ लिहिलेले आणि आत ८ असलेले बाजारात खूप आहेत. ८ जीबी भरेपर्यंत सगळं ठीक वाटतं, त्यापुढचं फक्त नाव राहतं. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा प्रोग्राम लॅपटॉपवर चालवला की खरी जागा कळते.

आणि एकादशीची वाट बघू नका. रोज पहाटे अडीचला दहा मिनिटांचं चाचणी रेकॉर्डिंग लावा.

वाईकर | बुधवार, दुपारी १:२०

धाग्यात घुसतोय, पण विषय जवळचा. आमच्या जुन्या वाड्यात स्टिक सारखी रीस्टार्ट होते आणि वायफाय सोडते. राउटर ओसरीवर, टीव्ही माजघरात, मधे दगडी भिंत.

कृष्णाकाठ | बुधवार, दुपारी २:००

रीस्टार्टचं कारण बहुधा वीज. स्टिक टीव्हीच्या यूएसबीवर चालवू नका, तिच्याबरोबर आलेला ५ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर भिंतीत लावा. माचीपेठ ताई, तुम्हीही.

वायफाय ५ गिगाहर्ट्झवर असेल तर दगडी भिंत ते गिळते. त्या खोलीपुरतं २.४ वर या आणि राउटरमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा असेल तो घ्या. स्टिकच्या शेजारी यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क असेल तर ती लांब ठेवा, तिच्या वायरीतून २.४ च्या पट्ट्यातच गोंगाट निघतो. एवढं करूनही अडलं तर भिंतीतून एक लॅन वायर पलीकडे न्या. वाड्याला तोच कायमचा उपाय.

माचीपेठ | शुक्रवार, सकाळी ८:०३

डिशवाले दादा स्वतः येऊन छत्री बसवून गेले, सिग्नल छान आहे. पण चाचणीचं रेकॉर्डिंग विचित्र आलंय. पहाटे २:३० चा टायमर लावला. सकाळी सातला बघितलं तर पेनड्राइव्ह रिकामा. आत्ता आठ वाजून गेले तर बॉक्सवरचा लाल दिवा लागलेला आहे! तो आत्ता रेकॉर्ड करतोय की काय?

कृष्णाकाठ | शुक्रवार, सकाळी ८:१०

हो, आत्ता वेळेवरच करतोय, पण ग्रीनिचच्या वेळेवर. बॉक्सचं घड्याळ जीएमटीवर आहे, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्याचे अडीच वाजतात तेव्हा आपले आठ. सेटिंगात टाइम झोन प्लस ५:३० करा. काही बॉक्सात 'वेळ आपोआप' असा पर्याय असतो, तो चालू ठेवूनही झोन वेगळा द्यावा लागतो. उपग्रहावरून येणारी वेळ जागतिक वेळ असते, त्यात साडेपाच तास मिळवायचं काम बॉक्सचं.

झोन बदलल्यावर जुना टायमर पुसून नवा लावा. नंतर दोन मिनिटं बॉक्स बोर्डावरून बंद करून चालू करा आणि घड्याळ टिकलंय का बघा.

माचीपेठ | शनिवार, सकाळी ६:४०

झालं! पहाटे २:३० ते २:४० असं नेमकं रेकॉर्डिंग. लॅपटॉपवरही व्हीएलसीमध्ये लागलं. आण्णांना रिमोटवरचं बटण दाखवलं, त्यांनी स्वतः लावून बघितलं.

कोरेगावचा डिशवाला | शनिवार, सकाळी ७:३०

छान. आता पावसाची तजवीज. जोराची सर आली की छत्रीवर येणारा केयू बँडचा सिग्नल पडतोच, त्याला इलाज नाही. पण साध्या पावसातही चित्राच्या चौकटी होत असतील तर दोष छत्रीच्या जोडात. मेनूत स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी असे दोन आकडे दिसतात, त्यातला क्वालिटीचा खरा. वरच्या एफ कनेक्टरवर, म्हणजे वायर छत्रीला जोडतात त्या जोडावर, मी रबरी टेप गुंडाळली आहे, ती सुटू देऊ नका. पाणी वायरीत उतरलं की तांबं हिरवं पडतं आणि मग कितीही छत्री हलवली तरी उपयोग नाही.

बॉक्स इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या. रेकॉर्डिंग चालू असताना लाईट गेली तर फाइल नीट मिटत नाही, अर्धा तास झालेला असला तरी शून्य दाखवते. आणि विजा कडाडायला लागल्या की बोर्ड बंद करून भागत नाही, छत्रीची वायर बॉक्समधून काढा. त्या वायरीतून आलेला झटका बॉक्स आणि टीव्हीचा एचडीएमआय दोन्ही घेऊन जातो. वळवाच्या दिवसांत माझं अर्धं काम तेच असतं.

विश्रामबाग | शनिवार, सकाळी ११:००

हा धागा वाचून धीर आला. मी सांगलीची. वडिलांच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटी आहेत, मिरजेतल्या मैफलींच्या, ते स्वतः त्यात साथीला आहेत. नवीन टीव्हीला व्हीसीआर जोडला तर चित्र काळंपांढरं येतं. काही कॅसेटी २०१९ च्या पुरात भिजून वाळल्या आहेत. हे सगळं पेनड्राइव्हवर घेता येईल?

कृष्णाकाठ | शनिवार, दुपारी १२:१५

येईल, आणि हे काम लांबणीवर टाकू नका.

आधी काळंपांढरं. नवीन टीव्हीत एव्ही आणि कॉम्पोनंट यांची सॉकेट बऱ्याचदा एकच असतात. व्हीसीआरची पिवळी पिन हिरव्या सॉकेटात जाते, आणि टीव्ही ते कॉम्पोनंट समजला तर त्यातला फक्त उजेडाचा भाग घेतो, रंग सोडून देतो. स्रोत निवडताना 'कॉम्पोनंट' नको, 'एव्ही' निवडा. सॉकेटऐवजी ३.५ मिमीचं छोटं भोक असेल तर टीव्हीबरोबर आलेलीच वायर वापरा. बाहेरच्या वायरीत आतल्या जोडण्यांचा क्रम वेगळा असू शकतो, मग चित्राच्या जागी घरघर ऐकू येते.

रेकॉर्डिंग टीव्हीवर होणार नाही, नियम इथंही तोच. यूएसबी कॅप्चर डोंगल घ्या, व्हीसीआरची पिवळी, पांढरी, लाल पिन त्यात आणि डोंगल लॅपटॉपला. सॉफ्टवेअरमध्ये आपल्याकडची पाल ही चित्रपद्धत निवडा, सेकंदाला २५ फ्रेम. एनटीएससी राहिलं तर चित्र वरखाली पळेल किंवा रंग जाईल. कोरड्या कॅसेटींपासून सुरुवात करा, एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून मगच चालवा.

विश्रामबाग | शनिवार, दुपारी १२:३०

'एव्ही' निवडल्याबरोबर रंग आले! बाबांचा हिरवा झब्बा इतक्या वर्षांनी दिसला. आणि भिजलेल्या?

कृष्णाकाठ | शनिवार, दुपारी १२:५०

त्या व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका. खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे बघा, कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. ती हेडला चिकटते आणि तुमच्या चांगल्या कॅसेटींवरही चढते. अशा कॅसेटी वेगळ्या पिशवीत, कोरड्या जागी, उभ्या ठेवा. कवच उघडून टेप हातानं स्वच्छ करून दुसऱ्या कवचात बसवता येते, पण ते सवयीचं काम आहे, घरी करू नका. आधी कोरड्या सगळ्या उतरवून घ्या. मग भिजलेल्या घेऊन या, मी सांगलीतच आहे, आपण एकेक बघू.